सिस्टर आग्नेसचे एकवीस दिवस

९ जुलै १९८४

कोंबडी आली! एकदाची.

शेजारच्या सोनीबाईने सकाळी काखेत मारून आणली, ओसरीवर तणसाच्या टोपलीत बसवली. "खुडूक हाय बाई, अंड्यावर बसाले आली. एकवीस दिवस हलत नाई आता."

हलत नाही! मी कपाळाला हात लावला. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले होते, साहेबांच्या डोळ्यांसमोर सतत काहीतरी हलतं ठेवा. मार्चमध्ये झटका आला, तेव्हापासून यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समज किती उरली आहे ते डॉक्टरांनाही सांगता येईना. म्हणून कोंबड्या पाळायचं ठरवलं. आणि घरात आली ती एकवीस दिवस न हलणारी! आता ओसरीवर दोघं समोरासमोर बसलेत. आधी कोण हलतं बघायचं.

करार इकडच्या रीतीचा— कोंबडी तिची, घर माझं, पिल्लं निम्मी निम्मी. "अंडे संध्याकाळी पाठवतो," म्हणाली आणि लेकीकडे नवरगावला भाताच्या रोवणीला निघाली. पण तिची ती मातकट, चिमुकली अंडी कशाला? गेल्या आठवड्यात आमच्या लेकाने, सुगतने, नागपूरहून अख्खा ट्रे आणला आहे. पांढरीशुभ्र, मोठी, एका मापाची. त्यातली तेरा निवडून मीच ठेवली. संध्याकाळी तिची अंडी आली, ती आमलेटात गेली.

जाता जाता तिने टोपलीत एक गंजका खिळा ठेवला. वीज कडकडली की अंडी नासतात म्हणे! मी मनात हसले. सायन्स शिकलेली बाई ना मी!

११ जुलै

कोंबडीचं नाव सिस्टर आग्नेस. कारण नजर. आमच्या बोर्डिंगात उशिरा शिरणाऱ्या मुलीकडे सिस्टर अशाच बघायच्या— मान तिरकी, पापणी स्थिर, पापांची यादी तयार. चाळीस वर्षांनी त्या नजरेखाली पुन्हा पदर सावरला मी. कोंबडीसमोर!

१४ जुलै

यांनी आज डावा हात उचलून टोपलीकडे बोट दाखवलं. आपणहून! आग्नेस दाण्याला उठली होती, अंडी उघडी होती. बोट अंड्यावर, नजर माझ्यावर. मग मान हलवली.

कळलं! अंडं खायचंय. धावत जाऊन ट्रेमधलं एक उकडलं, मीठ-मिरपूड लावून भरवलं. खाल्लं. चेहरा मात्र एरंडेल घेतल्यासारखा.

१५ जुलै

पुन्हा बोट. पुन्हा अंडं.

१६ जुलै

पुन्हा. इतकी आवड होती, आणि तीस वर्षांत मला पत्ता नाही! स्वतःची लाज वाटली. आज दोन उकडली.

१९ जुलै

सुगतचं पत्र. ऑगस्टच्या तीस तारखेला जीप घेऊन येतो म्हणतो. कायमचं नागपूरला. "तू एकटी किती दिवस करणार, आई? आणि बाबांना कुठे कळतंय ते कुठे आहेत ते?"

पत्र यांच्यासमोरच मोठ्याने वाचत होते. त्या वाक्याशी अडखळले. मग पुढचं वाक्य वाचल्यासारखं करून हवापाण्याचं काहीतरी जोडून दिलं. यांनी डोळे मिटले होते. झोप असेल.

उत्तर पाठवलं— ये.

२२ जुलै

सांदवाडीत, म्हणजे इकडच्या परसात, आज युद्ध. बोर्डिंगात गुलाबाचे वाफे सुतळी धरून आखलेले असायचे. तसेच मी वांग्याचे आखले. सोनीबाईच्या मोकाट कोंबड्या कुंपणातून आल्या आणि माझी सरळ रेघ पार उकरून टाकली. काठी घेऊन धावले ती चिखलात बसले. भोपळ्याचा वेल तेवढा वाचला. तो कुठल्याच रेघेत नव्हता.

वर बघते तर हे माझ्याकडे बघताहेत. काय वाटलं असेल? काही वाटतं का? बावीस वर्षं भात संशोधन केंद्रात काढली यांनी. एकेका लोंबीचा नंबर तोंडपाठ. माझ्या किराणा यादीतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे— किती चिडायचे मी! आता कोणी सुधारत नाही. वाटेल तसं लिहिते.

२६ जुलै

भीतीच वाटली. आग्नेस उठलेली, आणि यांनी डाव्या हाताने एक अंडं उचललं, उन्हाकडे धरलं. फेकतात की काय! मी हिसकावून घेतलं. "नाही म्हटलं ना! द्या इकडे!" सुगत चार वर्षांचा असताना ज्या सुरात बोलायचे, अगदी त्या सुरात.

त्यांनी हात खाली घेतला. नंतर दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी अंडं उकडून दिलं. समजूत म्हणून.

३० जुलै

एकविसावा दिवस! पहाटेपासून टोपलीला कान लावून. काही नाही. सिस्टर हलायला तयार नाहीत.

२ ऑगस्ट

लिहू की नको?

सकाळी टोपलीत फाट्दिशी आवाज झाला. एक अंडं फुटलं. मग दुसरं. असा वास सुटला की आग्नेस चोवीस दिवसांचं व्रत मोडून कुंपणापार! तेवढ्यात सोनीबाई नवरगावहून हजर. पदर नाकाला लावून तिने टोपली चाळवली, एक पांढरं टरफल उचललं.

"आवो बाई, हे कोनाचे अंडे?"

"ट्रेमधली. नागपूरची."

"दुकानाचे? पिंजऱ्यातल्या कोंबडीचे?" ती मटकन खालीच बसली. "तिथी कोंबडा रायते काय बाई? कोंबड्याबिगर पिल्लू कसं निंगन?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! जास्वंदीचं परागण बोर्डिंगात रंगीत खडूंनी शिकवलं. पुढचा धडा आला की सिस्टर म्हणत, हा घरी वाचा. मी आज्ञाधारक. अजून वाचलेला नाही. छप्पन्न वर्षं, एक मुलगा, आणि अंडं म्हणजे अंडं!

"खिळा तं ठेवला होता मी," सोनीबाई म्हणाली, "पन बिनकोंबड्याच्या अंड्याले खिळा काय करन?"

आणि तेव्हा तो आवाज आला. आधी वाटलं यांना ठसका लागला. धावले. ठसका नव्हता— हे हसत होते! तोंड एका बाजूला गेलेलं, डोळ्यांतून पाणी, डावा हात खुर्चीवर थाप-थाप-थाप. पाच महिन्यांत घरात पहिल्यांदा यांचा आवाज!

सोनीबाई म्हणाली, "साहेबाले समदं समजते बाई. तुमालेच समजत नाई."

३ ऑगस्ट

झोप नाही. मला आठवतंय— हे लहानपणी आजोळी कोंबड्यांतच वाढले. अंडं उजेडाला धरून आत जीव आहे की नाही ते बघतात, हे यांनीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे ते बोट? ती हललेली मान? ते उन्हाकडे धरलेलं अंडं?

आणि मी काय केलं— उकडलं. रोज!

पण डॉक्टर म्हणालेच होते, या आजारात माणूस कारण नसताना हसतो, कारण नसताना रडतो. त्यावर आशा बांधू नका. मग बांधू की नको? विचारू कोणाला?

५ ऑगस्ट

सोनीबाईने दुसरी खुडूक दिली, आणि घरची पंधरा अंडी. "आता तुमी हात नका लावू," मला म्हणाली. परडी थेट यांच्या मांडीवर. यांनी एकेक उचललं, उन्हाला धरलं. चार बाजूला काढली. अकरा ठेवली. अर्धा तास लागला. कपाळावर घाम. मी पंख्याने वारा घातला आणि एक शब्द बोलले नाही. माझ्यासाठी हेही थोडं नाही.

१५ ऑगस्ट

शाळेची प्रभातफेरी दारावरून गेली. हे अंड्यांकडे बघत बसले. की नुसते बघत बसले?

इथे तरी खरं लिहावं. मला नागपूरला जायचंय. थकले मी. तिथे नळाला पाणी आहे, कोपऱ्यावर डॉक्टर आहे, सुनेशी बोलता येईल. इथे दिवसभर मी बोलते आणि कोणी उत्तर देत नाही. यांना सोडून जावंसं वाटत नाही, पण यांच्याजवळ एकटं राहवतही नाही. पोळी भाजताना रडते, धुराचं निमित्त सांगते. यांना जाण्याबद्दल सांगितलेलं नाही. कसं सांगू? आणि त्यांना कळत नसेल तर कोणाला सांगू?

२६ ऑगस्ट

नऊ पिल्लं! अकरातून नऊ! एक पिल्लू यांच्या चपलेवर, पावलाला टेकून झोपलं. यांनी पाय काढला नाही. दुपारभर नाही.

सोनीबाई म्हणाली, "साडेचार-साडेचार कसे वाटाचे बाई?" मी म्हटलं, सगळी तुझी. आम्ही तीस तारखेला निघतो.

मागे खुर्ची करकरली. हे वळून माझ्याकडे बघत होते.

२८ ऑगस्ट

ट्रंक भरली. भांडी पोत्यात. दिवसभर धावपळ. संध्याकाळी सवयीने अंडं उकडून दिलं. यांनी तोंड मिटून घेतलं. हट्ट करतात कधीकधी.

२९ ऑगस्ट

काल लिहून झाल्यावर कधी नव्हे ती वही ओसरीच्या स्टुलावरच विसरले, हिशेबाच्या पेन्सिलीसकट. आज उघडली तर कालच्या मजकुराखाली वाकडी अक्षरं. पेन्सिलीने, डाव्या हाताने, एकेक अक्षर बोटाएवढं—

"अंडं नको. कधीच आवडलं नाही. नागपूरचं मला विचार."

आणि पंधरा ऑगस्टच्या पानावर माझा एक ऱ्हस्व खोडून दीर्घ केला आहे.

विचारायला जाते.