कुठकुठल्या यादीत नाव घालू?

टोर्नियो, फिनलंड, १४ जानेवारी

चि. मेर्वीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दादाच्या हातचं पत्र बघून घाबरू नकोस, मेलोबिलो नाही. माझा फोन आईकडे दिलाय. तिने त्याच्या बदल्यात बटणांचा जुना फोन हातात ठेवला. त्यावर फक्त बोलता येतं, आणि महागड्या परदेशी कॉलवर तुझ्याशी रडण्यापेक्षा कागद बरा.

जुगारात घर गेलं ते तुला ठाऊकच आहे. नोव्हेंबरपासून मी परत आपल्या जुन्या खोलीत आहे. या वयात आई मला दार उघडं ठेवून झोप म्हणते आणि मी गुमान ऐकतो. पण एक काम मात्र केलं. जुगार चालवणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीकडे जाऊन स्वतःवर बंदी घालून घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाच्या फ्रीजशेजारी ती मशिनं अजून लुकलुकत असतात. परवा मुद्दाम कार्ड घालून पाहिलं. मशिनाने नाही म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की दूध न घेताच घरी आलो, आणि आईची बोलणी खाल्ली.

मग म्हटलं, पूल ओलांडला की स्वीडन, तिथेही नाव घालून टाकू. तर तिथल्या यादीसाठी तिथला नागरिक क्रमांक लागतो. म्हणजे बंदी घालून घ्यायलाही आधी स्वीडिश व्हावं लागतं! आणि फोनवर उघडतात त्या परदेशी साइटचं काय? तू त्याच धंद्यात आहेस, तर मला नीट सांग. ज्या ज्या देशात अशी यादी असेल तिथे माझं नाव घालायचं आहे. सही कुठे करू?

संत्री खाताना दादाची आठवण ठेव.

तुझा,
तार्मो


स्लीमा, माल्टा, २ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. संत्री इथे महाग आहेत, ही तक्रारही नोंदवून ठेव.

तू विचारलंस त्याचं सरळ उत्तर म्हणजे सही करायला एक जागाच नाही. आपल्याकडे सगळा जुगार सरकारी कंपनीचा, म्हणून तिची बंदी तिच्यापुरतीच. स्वीडनने पुष्कळ कंपन्यांना परवाने दिले आणि सगळ्यांना एकच यादी बघायला लावली. पण परवाना न घेता बाहेरून चालवणारा ती कशाला बघेल? एस्टोनियाची यादी निराळी, जर्मनीची निराळी. इथे माल्टात प्रत्येक कंपनीने आपापली ठेवायची. नॉर्वेत तर सरकारने दुकानांतली जुनी मशिनं कधीच उचलून नेली, आणि परदेशी जुगाराला पैसे पाठवायचे नाहीत असं तिथल्या बँकांना बजावलं आहे. युरोपभर फोनचा चार्जर एक केला बघ, पण हे काही त्यांना जमलं नाही. फिनलंडचा कायदा आमच्या साहेबांना लागू नाही, कारण साहेब माल्टाचे. आणि माल्टाचा कायदा तुला वाचवायला बांधलेला नाही, कारण तू फिनलंडचा.

मी या कंपनीत काय करते असं आईने विचारलं तर सांग, गिऱ्हाइकांचे विसरलेले पासवर्ड शोधून देते. लोकांना फोन करून खेळायला बोलावणारी मंडळी वेगळी.

फोन परत मागू नकोस. आईला नमस्कार.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?)
मेर्वी


टोर्नियो, ११ मार्च

चि. मेर्वीस,

आशीर्वाद द्यायचीही लाज वाटते आहे.

मागच्या आठवड्यात बटणांच्या फोनवर (नंबर माझा जुनाच आहे) एका बाईचा फोन आला. बोलण्यावरून औलू शहराकडची असावी. म्हणाली, तार्मो, किती दिवसांत आमच्या साइटवर दिसला नाहीस, आम्हांला चुकल्याचुकल्यासारखं होतंय, तुझ्यासाठी थोडीशी भेट बाजूला काढून ठेवली आहे. मेर्वी, त्या आठवड्यात आईखेरीज मला कोणी नावाने हाक मारली नव्हती. मी तिला थँक्यू म्हणालो.

आई चर्चमध्ये गेली होती. तिचा टॅब्लेट टेबलावर होता, प्रवचनं ऐकते तो. ती परत आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो, अंगातला कोटही काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाबांच्या होडीचं इंजिन विकून आलो. तेही त्यातच गेलं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टॅब्लेट उचलला आणि सॉनाच्या न्हाणीतल्या सरपणावर नेऊन ठेवला. पेटवला नाही, पण मला दाखवून ठेवला. नदी अजून गोठलेली आहे. मी रोज तिच्यावरून स्वीडनपर्यंत चालत जातो आणि परत येतो. कुठेही गेलं तरी तेच.

साइटचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत घातलं आहे. ओळखीचं आहे का तुझ्या?

तार्मो


स्लीमा, २ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. ओळखीचं आहे. आमच्याच कंपनीची ती दुसऱ्या नावाची पाटी आहे, अशा पाट्या पुष्कळ आहेत. तुला फोन करणारी बाई म्हणजे इना. माझ्या पाठीला पाठ लावून बसते. तिच्या वाढदिवसाला मी केक नेला होता.

मी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही, मला बसवून पाणी दिलं. मग म्हणाले, तुमच्या भावाने आमच्याकडे स्वतः बंदी मागितलेली नाही. फिनलंडमध्ये मागितली असेल, ते आम्हांला कोण कळवणार? आणि नातेवाइकाच्या खात्याला हात लावायचा नाही, हा नियम तुम्हीच सही करून मान्य केलाय. वर म्हणाले, सगळं कायद्यात बसतं, मेर्वी, मनाला लावून घेऊ नका.

त्याच दुपारी मी तुझं नाव आमच्या प्रत्येक पाटीवर कायमचं बंद केलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, आजारी आहे. तुझा नंबरही पुसला. चार वाजता मला बोलावलं आणि माझं ऑफिसात शिरायचं कार्ड काढून घेतलं. इना खाली मान घालून बसली होती.

आता माझी गंमत ऐक. या बेटावर फिनिश बोलणाऱ्याला जे काम मिळतं ते याच धंद्यातलं, आणि नोकरीच्या करारात लिहिलंय की वर्षभर तसल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही. घराचा करार नाताळपर्यंतचा. समोर एवढा समुद्र, आणि मला कुठे जाता येत नाही. सकाळी एका बेकरीत पाव भरते.

पण दादा, दुसऱ्या कंपन्यांचे फोन येतीलच. त्यांचे सगळे दरवाजे मला लावता येणार नाहीत. तू नॉर्वेला जा. मासळीच्या कारखान्यांत माणसं हवी असतात. पगार तिथल्या बँकेत घे आणि टोर्नियोचं खातं बंद कर.

रागावू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मेर्वी


वार्डो, नॉर्वे, ४ जुलै

चि. मेर्वीस,

अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं. मे महिन्यापासून इथे आहे. दिवसभर खेकडे उकळतो, अंगाचा वास जात नाही. खोली कारखान्याच्या वर आहे. एकदा हात शिवशिवले. बँकेने पैसे जाऊच दिले नाहीत. फरशीवर बसून हसलो.

पण आईला सांगू नकोस असं एक लिहितो. युहानुसच्या मध्यउन्हाळी सणाला घरी निघालो होतो. तीन बस बदलून टोर्नियोत उतरलो. घराकडे वळायच्या आधी जुनी बँक लागते. मी आत गेलो. जुनं खातं पुन्हा उघडायचं असेल तर काय करावं लागतं, हे विचारायला रांगेत उभा होतो. ठरवून गेलो नव्हतो, पाय गेले. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाईने मागे वळून, माझा नंबर आधी का, असं विचारलं तेव्हा भान आलं. बाहेर पडलो आणि मिळेल ती बस धरली. घराच्या खिडकीत आईने सणाच्या बर्चच्या फांद्या लावलेल्या बसमधून दिसल्या. मी उतरलो नाही.

इथे मी ठीक आहे. फक्त इथेच ठीक आहे. म्हणजे आता घरी जायचं नाही, असंच ना?

तार्मो


वार्डो, २० सप्टेंबर

चि. मेर्वीस,

आईचे अनेक आशीर्वाद. पत्त्यावर वार्डो बघून चक्रावली असशील. युहानुसला तार्मो आला नाही, आणि शेजारच्या ऐलीने त्याला बसमध्ये पाहिला होता. मी कोणाला काही विचारलं नाही. बटाटे काढले, घराचं पाणी बंद केलं, किल्ली ऐलीला दिली आणि आले.

त्याने दार उघडलं. माझी पिशवी घेतली, मग तोंड धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी आपली सातूची भाकरी कापली, आपल्याकडच्या रीतीने चीज कॉफीत टाकलं. बाहेर आल्यावर बसून सगळं खाल्लं आणि मग म्हणाला, आई, तू मला माफ करायला आलीस का? मी म्हटलं, मी तुला डोळे भरून बघायला आले, माफीचं नंतर बघू.

बातम्यांत सांगतात की आपल्याकडेही आता परदेशी कंपन्यांना परवाने मिळणार आणि सगळ्यांची मिळून एक यादी होणार. तार्मो म्हणतो, मग बसस्टॉपवरही त्यांच्या जाहिराती लागतील. त्याला त्यातलं जास्त कळतं.

इथे झाड म्हणून नाही, वारा मात्र रात्रंदिवस. मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू? तू नाताळला तुझं घर सोडशील तेव्हा इकडेच ये, तिसरी खाट मागून ठेवली आहे. काल रात्री तार्मोने विचारलं, किती दिवस राहणार. मी म्हटलं, ही सगळी सरकारं एकमेकांशी बोलेपर्यंत. तोवर मी जगेन असं काही वाटत नाही, म्हणून सामान सगळंच आणलंय.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आई