पिल्लू आणायला गेले होते

रविवार, संध्याकाळ

ठाकूरद्वारला कर्णिकबाईंकडे पर्शियन मांजराचं पिल्लू बघायला गेले. माणूस पारखल्याशिवाय त्या पिल्लू देत नाहीत. पिल्लाने लगेच माझी ओढणी पकडली. मनात मी त्याला घरी आणलंही होतं.

"दिवसभर घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. मी एकटीच राहते, ऑफिसला जाते."

"मग नाही देणार. इतका लहान जीव एकटा रडत बसेल. राग मानू नका."

राग आलाच. दिवसभर घरी कोण असतं! आई गेल्यापासून मला कोणी विचारलं नव्हतं हे.

मी उठले, तेव्हा त्या म्हणाल्या, "याची आई नेता? पिल्लांचं दूध आता सुटलंय आणि हिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही केलंय. दिवसा नुसती झोपते."

सोफ्याखालच्या त्या राखाडी मांजरीकडे मी पाहिलंही नव्हतं. तरी हो म्हटलं. दया आली म्हणून? की रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं?

घरी आल्यापासून ती कपाटामागे. खाण्याला तोंड लावेना. शेवटी वाटी तिथेच ठेवून पोळ्या करायला घेतल्या, तर मागून खाण्याचा आवाज आला. वळले असते तर थांबली असती. तशीच उभी राहिले. तव्यावरची पोळी करपली. करपू दे.