माझ्या हिरड्यांचं लेझर

४ एप्रिल २०१६
शिवगंगाचा साखरपुडा चोवीस तारखेला. आज पोरगी मलाच म्हणाली, अप्पा, तुमच्या तोंडाचा लई वास येऊन राहिला, फोटोत माझ्याशेजारी उभं राहू नका. संताप आला. मग ओंजळीत श्वास सोडून बघितला. शी! नाली परवडली.
निश्चय: तंबाखू बंद. आजपासून. म्हणजे जेवण झाल्यापासून.

६ एप्रिल, सकाळी ११
डॉ. पंचाक्षरींचा दवाखाना. खुर्चीजवळच्या तस्तात आधीच्या पेशंटची लाल थुंकी तशीच. दुष्काळाने नळ कोरडा, धुणार कशाने? लोक काय काय चघळतात! किळस आली.
डॉक्टर म्हणाले, हिरड्या सडल्यात, सुजलेलं मांस लेझरने काढू. लेझर! लातूरच्या गंज बाजारात आम्हा अडत्यांपैकी एकानेही अजून केलेलं नाही.

९ एप्रिल
झालं. डोळ्यांना चष्मा, रक्त नाही. फक्त जळक्या मांसाचा वास, तोही माझ्याच तोंडातून. लिंगायताच्या घरात जन्मून हे हुंगायची वेळ आली!
डॉक्टरांचा हुकूम: पंधरा दिवस तंबाखू नाही, मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तंबाखू तर सुटलीच आहे.

१२ एप्रिल
गावाला रेल्वेने पाणी आलं. आणि मी पाणी थुंकून टाकू? गुळण्या रद्द. त्याऐवजी घरची मिसरी, दिवसातून चार वेळा. बायको, सिद्धम्मा, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजते. मग तिच्यात तंबाखूपण उरतंच कुठे? शुद्ध दंतमंजन.

१७ एप्रिल
हिरड्यांची आग आग. म्हणजे लेझर आतून काम करून राहिलंय. मिसरी सहा वेळा.

२२ एप्रिल
डॉक्टर ओरडले. तंबाखू खाताय का? बसवण्णांची शपथ घेऊन नाही म्हणालो. मग दात कशाने घासता? सांगितलं. हातातला आरसा खाली ठेवून म्हणाले, अहो चंद्रप्पा, ती तंबाखूच हाय, जखमेवर चोळून राहिलात तुम्ही.
एवढं शिकून माणसाला मिसरी आणि तंबाखूतला फरक कळत नाही. डॉक्टर बदलणार.

२४ एप्रिल
साखरपुडा झाला. हिरड्यांतून रक्त, म्हणून तोंडात कापूस. व्याह्यांशी नुसती मान हलवली. फोटोच्या वेळी मागे सरकलो, तर शिवगंगाने स्वतः हात धरून ओढलं. अप्पा, इकडं या, म्हणाली. ऊर भरून आला. शेजारी उभा राहिलो. मग दिसलं, तिने श्वास रोखून धरला होता. फोटोवाला म्हणाला, थांबा, आणखी एक. पोरीचा चेहरा लालबुंद झाला, तरी हात सोडेना.
शेवटी मीच म्हणालो, आता आईबरोबर काढा.