पेटी उघडायच्या आधी

१२ जाने.
माधवचं नाव आलं. माझं नाही.

मेल जेवणाच्या सुट्टीनंतर आला. अवकाश दुर्बिणीच्या सर्वेक्षणात दीर्घिकांचे आकार मोजणारा जो गट आहे, त्याच्या प्रमुखपदासाठी आमच्या संस्थेतून एकच माणूस घेणार होते. अर्ज दोघांनी केला होता. नवरा-बायको एकाच ऑटोतून एकाच जागेच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा गंमत वाटली होती.

मी ‘तांत्रिक साहाय्य’मध्ये.

संचालक सर म्हणाले, "एकाला मिळालं म्हणजे घरात आलंच की."

माधव टेबलाशी येऊन उभा राहिला. "वृंदा, बघितलंस?"
"बघितलं. अभिनंदन."
हात पुढे केला. नवऱ्याशी हस्तांदोलन पहिल्यांदाच.

१५ जाने. पोंगल
मांबलमला अम्मांकडे, सासरी. सासूबाईंनी अख्ख्या मजल्याला बातमी सांगून ठेवली होती. शेजारचे अंकल पोंगल खाता खाता माधवला विचारत होते, ही दुर्बीण नेमकं करते काय. तो सांगत होता. विश्व पसरतंय, पसरण्याचा वेग वाढतोय, कोण ढकलतंय ते ठाऊक नाही, त्याला नाव ठेवलंय कृष्ण ऊर्जा. दुर्बीण कोट्यवधी दीर्घिकांचे फोटो काढते. "जे दिसत नाही त्याचं माप, दिसतं त्याच्या वाकडेपणावरून काढायचं."

हे वाक्य माझं आहे. पुण्यात पीएचडीला असताना शाळेतल्या मुलांसमोर मी बोलले होते, हा मागच्या बाकावर बसला होता.

अम्मा म्हणाल्या, "केवढं बरं सांगतो पाहा." मग माझ्याकडे वळून, त्यांच्या तंजावरी मराठीत, "काय मा, तोंड कां वाळलंय तुझं?"
"ऊन लागलं, अम्मा."
जानेवारीत.

२३ जाने.
तो दिवसभर परदेशातल्या लोकांशी कॉलवर. काचेच्या दारातून हसताना दिसतो. आवाज येत नाही, त्यामुळे जास्तच हसतोय असं वाटतं.

मी शेपट्या काढतेय. अवकाशात कॅमेऱ्यावर सतत कण आदळतात, तो हळूहळू खराब होतो, आणि फोटो वाचून घेताना प्रत्येक दीर्घिकेमागे प्रकाशाची बारीक शेपटी राहते. ती पुसली नाही तर आकार चुकतो. आकार चुकला तर पुढचं सगळंच. म्हणजे मी पुसणार आणि तो मोजणार. घरीही ओटा...

जाऊ दे. ओटा तोच पुसतो. उगाच कशाला.

१ फेब्रु.
मार्चमधल्या मोठ्या बैठकीत त्याचं भाषण. "आकृत्या तू करशील? तुझ्या छान होतात."
केल्या. छान झाल्या. स्लाइडच्या खाली त्याचं नाव.

६ फेब्रु. शुक्र.
सापडलं.

अगदी अंधूक दीर्घिका. त्यांच्या शेपट्या आपण गरजेपेक्षा जास्त पुसतोय, आणि कॅमेरा जितका जुना होत जातो तितकं जास्त. आकार एकाच दिशेला दबतात. उत्तरात कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलतेय असं दिसेल, आणि बदलत असेल आपला कॅमेरा.

या अंधूक दीर्घिका घेऊ नकोस, असं मी गेल्या वर्षी म्हटलं होतं. निवड तेव्हा माधवकडे होती; तो म्हणाला, घेऊ, संख्या वाढते. घेतल्या.

पेटी २० तारखेला उघडायची आहे. आमच्यात पद्धत आहे, अंतिम उत्तर आमच्यापासूनच कुलपात ठेवायचं, म्हणजे मनासारखं यावं म्हणून कुणी आकडे हलवू नयेत. एकदा उघडली की पद्धत बदलता येत नाही. आलं ते उत्तर जगासमोर.

खरं लिहायचं तर सापडल्यावर पहिल्यांदा आनंद झाला. चूक पकडल्याचा नाही. त्याची पकडल्याचा.

९ फेब्रु.
सांगितलं नाही. पुन्हा तपासते आहे असं स्वतःला सांगतेय. तपासून कधीच झालं. भाजी घेताना दोनदा ओठांवर आलं. तो शेवग्याच्या शेंगा निवडत भाजीवालीशी तमिळमध्ये थट्टा करत होता. ती म्हणाली, सार आज फार खुशीत. मग नाहीच सांगितलं.

११ फेब्रु.
गटाची बैठक. शेवटी माधवनं विचारलं, "पेटी उघडण्याआधी कुणाला काही शंका?" सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्यावर थांबला. नेहमी माझ्यावरच थांबतो, कारण शंका माझ्याच असतात.

मी मान हलवली. नाही.

कॅन्टीनमध्ये त्यानं माझ्या ताटात लोणचं वाढलं. "आज एकही प्रश्न नाही? बरी आहेस ना?"

दहीभात अर्धा टाकून उठले.

१३ फेब्रु.
सांगितलं. सकाळी तिरुवान्मियूरच्या समुद्रावर चालताना. सगळं सलग, त्याच्याकडे न बघता. मग त्यानं दोनच प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर जागी. लगेच समजलं त्याला. तेही लागलं मला. समजायला थोडा वेळ लागायला हवा होता.

"कधी कळलं?"
"शुक्रवारी."
"आज शुक्रवार आहे."
"मागच्या."
"म्हणजे परवा मी विचारलं तेव्हा..."
"माहीत होतं."
"का, वृंदा?"
"तुझं नाव आलं म्हणून."

तो वाळूत बसला. मी उभी. कोळी जाळं ओढत होते ते बघत राहिलो दोघं. उठताना नेहमी तो मला हात देतो, आज मी पुढे केला, त्यानं घेतला नाही. आपला आपण उठला.

१४ फेब्रु.
त्यानं सगळ्यांना मेल केला. पेटी उघडणं पुढे ढकललं. चूक वृंदानं शोधली, अंधूक दीर्घिका घेण्याचा निर्णय माझा होता, वगैरे. आणि एक वाक्य: ‘तिच्या लक्षात येताच तिनं सांगितलं.’

येताच.

मला वाचवलं. न विचारता, न बोलता. दिवसभर तडफड. चांगुलपणातही हाच पुढे.

विचारलं, "खोटं का लिहिलंस?"
"मग काय लिहू?"
आतल्या खोलीत जाऊन रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

२४ फेब्रु.
सरांनी बोलावलं. परदेशातल्या लोकांचं म्हणणं आहे की दुरुस्तीचं काम वृंदानं प्रमुख म्हणून करावं, आणि ते होईपर्यंत आकार-मोजणीनं थांबावं. आकार-मोजणी म्हणजे माधव. मार्चच्या बैठकीतही आता मी बोलायचं, शेपट्यांवर. त्याचं भाषण रद्द.

घरी सांगितलं. "छान," म्हणाला. "किती दिवस लागतील?"
"सांगता येत नाही."
"अंदाज?"
"घाई केलेली चालणार नाही, माधव."

त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. मी ते लगेच ओळखलं. महिनाभर आरशात तेच पाहते आहे. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं, पण तेवढं नाही.

१० मार्च
दुरुस्ती संपली. अंधूक दीर्घिकाही ठेवता आल्या, वगळाव्या लागल्या नाहीत. म्हणजे संख्येबद्दल त्याचंही बरोबर होतं. त्याला सांगितलं तेव्हा खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आला आणि तासभर आम्ही पूर्वीसारखं भांडलो, गणितावरून. एकमेकांच्या हातातून पेन ओढून घेत. बरं वाटलं.

मग त्यानं विचारलं, "शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं?"
"तुला काय वाटतं?"
"मोजणी माझी आहे."
"दुरुस्तीशिवाय मोजणी चुकीची आहे."
"हो," म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं.

तिथंच थांबलो. सर म्हणाले, घरी ठरवून या.

१५ मार्च
उद्या पेटी उघडणार. नाव ठरलेलं नाही.

जेवताना त्यानं विचारलं, "काय निघावं असं वाटतं तुला?"
"असेल ते."
"खरं सांग."
खरं असं की मोठं काही निघालं तर जगभर सांगायला कोण उभं राहील, तेवढंच डोक्यात आहे. कृष्ण ऊर्जा बदलो न बदलो. त्याला म्हटलं, ताक घे. त्याच्याही डोक्यात तेच असावं, त्यानं ताक वाढून घेतलं.

अम्मांचा फोन आला. माधवनं स्पीकरवर टाकला. उद्या सकाळी कपालीश्वराच्या देवळात जाऊन अर्चना, म्हणजे नावानं पूजा, करवणार. "नांव-नक्षत्र सांगावं लागतं रे. कुणाच्या नांवें करूं? तुझ्या कीं तिच्या?"

आजवर असं कधी विचारलं नव्हतं त्यांनी. त्याच्याच नावानं व्हायची.

माधवनं फोनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

दोघांच्या, असं म्हणणं सोपं होतं. त्यालाही सुचलं असणार. तो म्हणाला नाही, मीही नाही.

"हॅलो? अरे, आहांत ना दोघं?" अम्मा विचारत होत्या.