भाड्यानं घेतलेली खुर्ची

आत्याबाई, मी पगाराची नोकरी सोडली आणि एक खुर्ची भाड्यानं घेतली. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्या घरची रीत. तुम्ही गेल्यावर हा शब्द तोंडातून निघायचं कारणच उरलं नाही, म्हणून लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सीताबर्डीत आता डोक्यावरून मेट्रो जाते, हेसुद्धा मलाच सांगावं लागणार. माझी खुर्ची तिच्या अगदी समोर आहे. कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एका तरुण मुलीचं सलून आहे. तिच्याकडे चार खुर्च्या आहेत, त्यातली खिडकीजवळची मी घेतली. आरसा, पाणी आणि वीज तिची. कात्र्या, कंगवे, टॉवेल आणि ड्रायर माझे. गिऱ्हाईक माझं आणि वेळही माझी. महिन्याचं भाडं दिलं की तिचा-माझा संबंध संपला, मग मी कुणाचे केस कसे कापते यात तिनं पडायचं नाही. हल्ली बऱ्याच जणी असं करतात.

तुमच्या मुलाला हे पटलं नव्हतं. ते अजून त्याच इलेक्ट्रिकच्या दुकानात आहेत. जेवताना म्हणाले, "घराचं भाडं असते, दुकानाचं असते. खुर्चीचं काय भाडं? पगार भेटून राहिला ना टायमावर? मंग काहून सोडून राहिली?" मी म्हटलं, "तिथं मले बोलायले लावतात." ते हात थांबवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, कुणी वाईट काही बोलायला लावतंय. तसं नव्हतं. मी होते त्या मोठ्या सलूनमध्ये बाई खुर्चीवर बसली की आधी तिच्या केसांत काय बिघडलंय ते सांगायचं असतं. केस कोरडे झालेत, गळतायत, मुळं कमजोर आहेत. बाईचा चेहरा पडला की मग शेल्फवरच्या बाटल्या दाखवायच्या. मी इतकी वर्षं तिथं काढली, कापण्यात माझा हात चांगला म्हणून ठेवलं त्यांनी. पण मॅनेजर दर आठवड्याला विचारायचाच, ताई, तुमच्याकडून बाटल्या का जात नाहीत. का जात नाहीत ते त्याला काय सांगणार? आत्याबाई, तुमच्यामुळे जात नव्हत्या.

महाल वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा पार्लरचा कोर्स करूनच आले होते. तुम्ही आधी नाहीच म्हणाला होतात. "लोकाच्या डोक्याले हात लावाचा धंदा आपल्याले नाई पायजे." मीही पुन्हा विषय काढला नाही. मग एक दिवस बाजारातून परत येते तर तुमची खाट पुढच्या खोलीत नाही. तुम्ही ती एकटीनं ओढत सैपाकघरात नेली होती आणि तिच्यावर बसून शेंगा सोलत होता. मी काही विचारायच्या आत म्हणालात, "पुढची खोली तुले देल्ली. पण फुकट नाई, भाडं लागन. दर ऐतवारी माह्यं डोकं धुवून द्याचं." तुमचा खांदा दुखायचा, हात मागे जात नव्हता, केस मात्र कमरेपर्यंत होते. मी हसले. तुम्ही हसला नाहीत, भाव ठरवून टाकल्यासारख्या पुन्हा शेंगा सोलायला लागलात. म्हणजे आत्याबाई, भाड्यानं जागा घ्यायची ही माझी पहिली वेळ नाही. तुमचा मुलगा हे विसरला आहे.

त्या खोलीत मी पहिल्यांदा बोलणी खाल्ली तेही आठवतं. शेजारच्या गल्लीतली एक बाई आली होती, भावाच्या लग्नाला जायचं होतं तिला. तिचे केस हातात घेऊन मी कोर्समध्ये शिकवल्यासारखं म्हणाले, "ताई, किती खराब करून ठेवले तुम्ही हे." तिचं काम मी चांगलं केलं. ती गेल्यावर तुम्ही आतून आलात, पदराला हात पुसत. "ते बाई आली तवा हसत होती. जाताना तिचं तोंड पाह्यलं का तू?" मी म्हटलं, पण केस खरंच खराब होते. तुम्ही म्हणालात, "असतीन. तिले काय मालूम नाई का? तिच्याच डोक्यावर हायेत. ते चांगलं करून घ्यायले आली होती, आयकून घ्यायले नाई." एवढंच. मग तुम्ही चहा ठेवलात. त्या दिवसापासून मी कुठल्याही बाईला तिच्या केसांबद्दल वाईट बोलले नाही. पगाराच्या नोकरीत हे महागात पडलं, पण झालं नाही माझ्याच्यानं.

आणि मग तुमचा तो ताप. धानाच्या कापणीला तुम्ही रामटेकजवळ भावाकडे गेला होतात आणि तिथंच अंथरूण धरलंत. आम्हाला निरोप उशिरा आला. तुम्हाला घरी आणलं तेव्हा तुमच्या डोक्यामागे केसांचा एक गोळा झाला होता. कुणी तेल लावलेलं नाही, कुणी विंचरलेलं नाही. घामानं आणि उशीवर घासून केस एकमेकांत घट्ट बसले होते. मी कंगवा घेऊन बसले तर सोबत आलेल्या तुमच्या भावजयीनं माझा हात धरला. "जट हाय ते. देवी आली अंगावर. हात नको लावू वं." मी कंगवा बाजूला ठेवला. ताप उतरला, तुम्ही हिंडू-फिरू लागलात, आणि गल्लीतल्या बाया यायला लागल्या.

मी हे कधी तुमच्याजवळ बोलले नाही, पण मला सगळं दिसत होतं. मामाजी गेले, तुमचं कुंकू पुसलं, तेव्हापासून तुम्हाला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. संक्रांतीला गल्लीभर बाया नटून जायच्या तेव्हा तुम्ही मागच्या दारी भांडी घासत बसायच्या. आता त्याच बाया आपल्या पुढच्या खोलीत येऊन तुमच्या पायावर डोकं ठेवू लागल्या. आग्रहानं घरी नेऊ लागल्या, पाटावर बसवू लागल्या. तुम्ही परत यायच्या तेव्हा तुमच्या चालण्यात काहीतरी वेगळं असायचं. एकदा आरशासमोर मान वळवून तुम्ही ती जट बघत होता. मी दारातून मागे फिरले. तुम्हाला त्याचा त्रास होत होता हेही मला ठाऊक होतं. मान अवघडायची, उशीवर डोकं सरळ टेकता यायचं नाही, आत खाज सुटायची. रविवारचं भाडं बंद झालं होतं, कारण डोकं धुवायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलेलं. मी वाट बघत होते. तुम्ही म्हणाल्याशिवाय कात्री लावायचा मला काय अधिकार?

ती दुपार मात्र माझ्यासमोर जशीच्या तशी उभी राहते. एक कोवळी पोर दारात येते, कडेवर तान्हं बाळ. बाळ रडतही नाही, नुसतं डोळे अर्धे मिटून पडलंय. ती बाळाला तुमच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, "आई, अंगारा द्या." तुम्ही खाली वाकून बाळाच्या कपाळाला हात लावता आणि तुमचा चेहरा बदलतो. "अंगारा काय मांगतं वं, याले दवाखान्यात ने." ती हलत नाही. रडायला लागते, म्हणते, तुम्हीच दिला पाहिजे, डॉक्टरकडे नेलं तर देवीचा कोप होईल असं तिची सासू म्हणते. तुम्ही दोनदा सांगता, ती पाय सोडत नाही. मग तुम्ही उठता, बाळ स्वतः उचलता, पदरात घेता आणि चपला न घालता रस्त्यावर जाता. ती पोर तुमच्या मागे धावते. मी ऑटो थांबवते. तुम्ही परत आलात ते दिवेलागणीला. बाळाला सलाईन लावलं होतं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. तुम्ही पाणी प्यालात आणि माझ्या आरशासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसलात. त्या खुर्चीवर तुम्ही त्याआधी कधीच बसला नव्हतात.

"काढ हे."

मी म्हटलं, उद्या करू, तुम्ही दमल्या आहात. "नाई. आज मी ते लेकरू उचललं नसतं तं? उद्या दुसरी येईन. मी काय देऊ तिले, चुलीतली राख?" मी तेल लावलं, बोटांनी सुटेल तेवढं सोडवलं, पण मुळाशी ते लोकरीच्या नमद्यासारखं घट्ट झालं होतं. शेवटी कापावं लागलं. तुम्ही ती जट जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलीत, आणि पुढच्या वेळी गावी जाताना वाटेत एकट्याच उतरून कन्हान नदीच्या पाण्यात सोडून आलात. बाया यायच्या बंद झाल्या. पुढच्या संक्रांतीला तुम्हाला कुणी बोलावलं नाही. तुम्ही मागच्या दारी भांडी घेऊन बसलात, मी तुमच्या शेजारी बसून राख लावायला लागले तर म्हणालात, "तू जाय ना, तुले बोलावलं हाय." मी गेले नाही. आपण दोघींनी मिळून ती भांडी घासली. 

आता हे सगळं का लिहायला बसले ते सांगते. खुर्ची घेतली तेव्हा सुरुवातीचे महिने फार रिकामे गेले. जुन्या बायकांना माझा नवा पत्ता शोधायला वेळ लागला. दिवसचे दिवस मी खिडकीतून मेट्रो बघत बसायची आणि शेजारच्या खुर्च्यांवरची गर्दी बघायची. तुमचा मुलगा काही विचारत नव्हता, त्याचंच जास्त वाटायचं. हळूहळू एकेक बाई यायला लागली. मग मागच्या आठवड्यात एक बाई आली. माझ्याच वयाची, एका मेसमध्ये पोळ्या करणारी. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला. आधी मुलीकडे, म्हणजे मालकिणीकडे गेली, तिनं माझ्याकडे पाठवलं. पदर बाजूला केला तेव्हा मी ओळखलं. खांद्यापर्यंत आलेली जट होती.

मालकीण मला बाजूला घेऊन गेली. वाईट नाही ती मुलगी, पण घाबरली होती. "ताई, ये यहाँ मत करो ना. बाकीच्या कस्टमर पाहून राहिल्या. आणि काही उलटं झालं तर? माझं नवीन दुकान आहे." मोठ्या सलूनमध्ये असते तर मी मान खाली घालून बाईला परत पाठवलं असतं, कारण तिथं खुर्ची माझी नव्हती. मी तिला म्हटलं, "खुर्चीचं भाडं मी देते ना? मग या खुर्चीवर कोण बसेल ते मी ठरवीन. तुझं नाव नको घेऊ, कुणी विचारलं तर माझं सांग."  माझ्या खुर्चीच्या आणि बाकीच्यांच्या मधे पडदा ओढून ती निघून गेली.

बाई आरशात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काही होणार तं नाई ना?" मी तिला तुमची गोष्ट सांगितली. ताप, जट, ते बाळ, सगळं. म्हटलं, त्यानंतर त्या खूप वर्षं जगल्या आणि उशीला डोकं टेकून झोपल्या.  मग तिनं विचारलं, "मंग काढल्यावर लोक मान देत होते का त्याइले?" मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. ती नवऱ्यानं टाकलेली आहे, मेसमधल्या बाया आता तिच्या पाया पडतात, आधी कोणी तिच्याजवळ जेवायलाही बसत नव्हतं, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही. लोक पुन्हा पहिल्यासारखे वागायला लागले." तिनं आपल्या हातांकडे बघितलं. तव्याचे चटके होते हातांवर. मग म्हणाली, "मान दुखते हो बाई. काढा."

दुपार त्यातच गेली. तेल, कोमट पाणी, गुंता मोकळा करायला जाड सुई, आणि मग कात्री. मधे कधीतरी पडद्याआडून गरम पाण्याची बादली आत सरकली. मालकिणीनं आणून ठेवली होती. जट निघाल्यावर बाईनं मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, पुन्हा डावीकडे. रडली नाही. उरलेले केस मी मानेपर्यंत सारखे करून दिले, तिला छान दिसत होते आणि तसं मी तिला सांगितलं. ती गेल्यावर मालकीण म्हणाली, "ताई, आणखी कोणी असं आलं ना, तर सोमवारी बोलवा. दुकान बंद असते त्या दिवशी. चावी देऊन ठेवीन मी." मी बरं म्हटलं. तिचंही चुकीचं नाही, तिला दुकान चालवायचं आहे. ती बाई परत मेसमध्ये गेल्यावर तिच्या जवळ कोण बसतं, कोण नाही, ते मला माहीत नाही. केस वाढले की ये म्हटलंय. येईल की नाही, बघू.

घरी तुमच्या मुलाला सांगितलं तर ते म्हणाले, आईची जट तूच काढली होती, तुझा हात बसलेला आहे, तुला कशाची भीती. मी त्यांना पोळी वाढली. पण तुम्हाला सांगते, कारण हे कागदावर राहणार आहे आणि कागद माझ्याजवळच राहणार आहे. मला भीती वाटली होती, आत्याबाई. त्या दिवशी तुमच्या केसांना कात्री लावण्याआधी मी तुमच्या मागे उभी राहून देवीला हात जोडले होते, माझ्याकडून काही चुकत असेल तर माझ्यावर घे, यांच्यावर नको, असं म्हटलं होतं. आरशात तुम्हाला दिसू नये म्हणून जरा बाजूला सरकले होते. मागच्या आठवड्यात त्या बाईच्या मागेही मी तसेच हात जोडले.