नागावचे खोपे, श्रीवर्धनचे खोपे

८ जानेवारी
बाबांना स.बद्दल सांगितलं. गाव श्रीवर्धन, घरची सुपारीची वाडी, बंदरात नोकरी. लग्न करायचं ठरतंय. आडनाव शेवटी सांगितलं. खोपे. आमचंच.
बाबा पर्यटक पाहुण्यांना भाड्याने देतो त्या खोलीतले पडदे काढत होते. हातातला पडदा तसाच राहिला. "आडनाव एक म्हंजे भाऊ. भावाशी लगीन लावतात काय गो?"
एक आडनाव म्हणजे एक घर, हे सिद्ध झालेलं नाही, असं मी म्हटलं.
"मग कर सिद्ध."
ते चिडून म्हणाले. मी ते काम म्हणून घेतलं.

११ जाने.
पद्धत, ऑफिसात जमीन मोजते तशीच: दोन्ही घरांतले बाप एकेक पिढी मागे न्यायचे. एकच बाप सापडला तर थांबायचं. नाही सापडला तर
स.चा फोन. "मोजणीबाई, भाऊबहीण निघालो तर राखी तरी चांगली आण." हसले नाही. फोन ठेवल्यावर हसले.

१९ जाने.
खाडीकाठच्या शाळेचं जुनं दाखल रजिस्टर. दोन्ही घरं मुळात तिथली. नागाव आणि श्रीवर्धन नंतरची. माझे पणजोबा सापडले. स.चे पणजोबा त्याच पानावर, चार ओळी खाली. दोघेही खोपे. दाखल एकाच दिवशी.
फोटो काढला. पुन्हा एक काढला.
परतताना ओहोटी होती. चिखलावर ऊन असं पसरलं होतं की पाणी कुठे संपतं ते दिसेना. ऑफिसात मी हीच रेघ नकाशावर काढते. तिथे ती असते.

२७ जाने.
तात्या मोडी वाचतात. निवृत्त तलाठी, अलिबागला राहतात. त्याच खाडीवरच्या खारीच्या बांधावर काम करणाऱ्या गड्यांच्या यादीची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. (खार म्हणजे खाडीचं पाणी अडवून केलेली भातजमीन. बाबा अजून 'आपली खार' म्हणतात. आता आपली नाही.)
तात्या: "लोक माझ्याकडं जमिनीसाठी येतात. नवऱ्यासाठी मोडी वाचून घेणारी तू पहिली."
यादीत आडनाव एकालाच, मुकादमाला. खोपे. बाकी नुसती नावं. शाळेतल्या त्या दोन मुलांचे बाप दोन्ही आहेत: राघो, कान्हूचा, पेणकडचा. हशा, बाळूचा, उरणकडचा. बाप वेगळे, गावं वेगळी. मुकादमाने गड्यांची पोरं शाळेत नेली असावीत आणि मास्तरांनी त्याचं आडनाव सगळ्यांना लावलं असावं.
'असावं' दोनदा आलं. खोडता येत नाही. पण रक्त एक नाही, एवढं पक्कं.
तात्यांनी चहा दिला. मी दोन कप प्यायले, एरवी पीत नाही.

१ फेब्रु.
श्रीवर्धन. स.च्या आजोबांना पहिल्यांदा भेटले. झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. वाडीत दुपारीही हिरवा अंधार, आणि खूप आत कुठेतरी पाट वाहत होता. मला वाटलं मी इथे लहानपणी येऊन गेलेय. आले नव्हते.
आजोबा म्हणाले, "नागावच्या खोप्यांची ना तू? मग घरचीच." आणि हातावर सुपारी ठेवली.
स. आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

४ फेब्रु.
विद्यापीठाचं ग्रंथालय. खारीच्या बांधांवरचा जुना प्रबंध, कोणी वाचत नसावं, पानं चिकटलेली. परिशिष्टात एका म्हातारीची मुलाखत. मुकादम खोपे निपुत्रिक गेला त्याच दिवसांत बांधाला भगदाड पडलं. दुरुस्तीआधी बांधाला नारळ द्यायचा असतो. सुतकात देता येत नाही. गड्यांनी त्याचं सुतक धरलं, दहा दिवस. नात्याचा कोणी नसताना. भरती शेतात येत राहिली. त्या साली भात झालं नाही.
दोनदा वाचलं. आडनाव ही मास्तरांची चूक होती, असं लिहायला घेतलं होतं.

६ फेब्रु.
बाबांपुढे सगळं मांडलं. रजिस्टर, यादी, मुलाखत.
"रगत एक न्हाय, ते मला ठाव हाय. आज्यानं सांगितलेलं."
मग महिनाभर मला का फिरवलं?
"तू विचारलं न्हाय. शोधायला लागलीस." मग म्हणाले, "श्रीवर्धनच्या खोप्यांत कोण वारलं की आपल्या देवाला आपण दिवा लावत न्हाय. तीन दिस सुतक. शेजारची काकू येऊन लावते. मग ते आपले कोण?"
माझ्याकडे याचा रकाना नव्हता.
मग त्यांनीच विचारलं, "त्या गड्यांना सुतक धरा म्हणून सांगितलं कोणी?"
कोणीच नाही. त्यांनीच ठरवलं.
"ठरवलं, व्हय?" एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांना होडीवाल्याचा नंबर द्यायला गेले.

९ फेब्रु.
स्वप्न. मी बांधावरून चालतेय, एका बाजूला पाणी, एका बाजूला भात. गडी ओळीने बसलेले, पाठमोरे. नावं विचारली. प्रत्येकाने तेच नाव सांगितलं, पण आवाज वेगळा. नकाशात बांध होता तिथेच होता. उंची मोजायची राहिली.

१३ फेब्रु.
आज जेवताना बाबा: "पोराला मासे खाता येतात ना नीट?" उत्तर द्यायच्या आत उठले.

१६ फेब्रु. सकाळ
स.चे आजोबा गेले. झोपेतच, पहाटे. निरोप साडेसहाला बाबांच्या फोनवर आला, पाठोपाठ माझ्या फोनवर स.चा: 'तुमच्याकडे काय करणार?'
उत्तर लिहिलेलं नाही. हातावर ठेवलेली सुपारी अजून पर्सच्या कप्प्यात आहे.
दिवा लावला तर ते आमचे कोणी नाहीत आणि लग्न होऊ शकतं. नाही लावला तर ते घरचे. सोपं आहे. मला दोन्ही हवं आहे, हे इथेच लिहितेय.
बाबांनी निरोप ऐकून आंघोळ केली. रोजची की सुतकाची, विचारलं नाही. काकूंना हाक मारलेली नाही.
मी ओटीवर बसलेय. इथून त्यांची पाठ दिसते. देवघरापुढे उभे आहेत. वात तेलात आहे. काडेपेटी हातात आहे. काडी ओढलेली नाही. पेटी खालीही ठेवलेली नाही.