सिरीजचा दिवा मंदावला नाही तर

मी, खाली सही करणारा, धंदा रेडिओदुरुस्ती, छाती कामातून गेली असली तरी डोके जागेवर ठेवून, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. वाटण्यासारखे काही नव्हते, आताही फारसे नाही.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. हत्यारे धाकट्या भावाला. मोठी पक्कड मात्र शेजारच्या शिंप्याला द्यावी. तशीही ती त्याच्याकडेच असते.

व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर पत्नीचा, तिला तिच्या वडिलांनी दिलेला. वर्षानुवर्षे बंद होता. "दादा, लावून तर बघू, काय होतंय!" म्हणत भावाने तो थेट प्लगला जोडला आणि ट्रान्सफॉर्मर जाळला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तसा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेना, शेवटी मीच तार गुंडाळून नवा केला. तोवर हिचे कान पूर्ण गेले. वरातीमागून घोडे. भावाला मी माफ केलेले नाही, आणि मरणाच्या दारात करीन असेही वाटत नाही.

तरी ही रोज म्हणते, "अहो, सुरू झाला की सांगा हं मला." मला आता उठून बसवत नाही. तो सुरू होईल अशी आशाही नाही; तार गुंडाळताना हात थरथरत होते.

हे काम जाणणारा दुसरा कोणी नाही, म्हणून माझ्या पश्चात भावानेच तो लावावा. आधी स्पीकर जोडावा. वीज थेट देऊ नये, माझ्या फळीवरच्या सिरीजच्या दिव्यातून, म्हणजे वाटेत जोडलेल्या बल्बमधून, द्यावी. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावा. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज राहते, आत बोटे घालू नयेत. भावाचा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहितो: बोटे घालू नयेत. मला एकच भाऊ आहे.

पुढचे कलम वकिलांनी पत्नीच्या हाती देऊ नये. दिवा मंदावला नाही, तरी भावाने तिला सुरू झाला असेच सांगावे. फक्त तिची खुर्ची दिव्याकडे पाठ करून ठेवावी. माझ्याबरोबर जन्म काढून तिलाही तो दिवा कळतो.

ठिकाण: दुकानामागची खोली, खाटेवर
तारीख: डॉक्टरांनी त्यांच्या हाताने घातली आहे
सही: (वाकडी आहे, पण माझीच)
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारचा शिंपी